रत्नमालावहिनीचं झुंड-विधेयक

आमच्या वहिनीने एक कायदा पास करून घेतला होता. हसू नका. भरल्या सभेत, तीनशे माणसांसमोर, आवाजी मतदानाने पास करून घेतला होता, आणि त्या सभेची कार्यवाही माझ्या हातची आहे, म्हणून छातीठोकपणे सांगते. पुढे भोपाळने, म्हणजे आमच्या तेव्हाच्या राजधानीने, तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही, ती गोष्ट वेगळी. बड्या पाहुण्यांना पोलादाचा कारखाना दाखवायचा असला तरच भोपाळला भिलाई आठवते.

वहिनी म्हणजे रत्नमाला शामसुंदर टेंभेकर, माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर तुमसरचं. दादा प्लँटच्या रेल मिलमध्ये, जिथे रेल्वेचे रूळ बनतात तिथे, होता आणि वहिनी त्याच प्लँटच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या कचेरीत, कारकून होती. सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते. ही गोष्ट घडली तेव्हा मी बी. ए. होऊन दुर्गला लघुलेखनाच्या क्लासला जात होते. नणंद या नात्याने मी तिला पुष्कळ छळलं. भाजीत मीठ कमी आहे असं मी रोज म्हणायची आणि ती रोज मिठाची बरणी माझ्यापुढे आदळायची. पण बाई खमकी. अंगाने किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. गणपतीच्या दहा दिवसांत आमच्या विदर्भ स्नेहवर्धक मंडळाच्या लाउडस्पीकरवर सगळ्या सूचना तीच द्यायची. आरतीची वेळ, सापडलेली किल्ली, कोणाचं पोर रडतंय, सगळं तिच्या तोंडून सेक्टरभर जायचं.

एक्याऐंशी सालचं विसर्जन. दुपारचे तीन वाजले होते, ऊन मी म्हणत होतं आणि ढोल कानाचे पडदे फाडत होते. मिरवणुकीत मंडळाचा अँप्लिफायर बंद पडला. मंडळाचे सचिव नरहरी काळमेघ, प्लँटमधले मोठे ऑफिसर, त्यांनी तो एका सायकलरिक्षावर चढवला आणि सुपेल्याच्या मेकॅनिककडे धाडून दिला. रिक्षावाला बोरसीचा टिकाराम. दहा दिवस तो आमच्या मंडपाशेजारीच रिक्षा लावून उभा असायचा. काळमेघ साहेबांनी हे काम केलं झटक्यात, पण सांगितलं मात्र कोणालाही नाही. ऑफिसर माणसं असंच करतात.

वहिनीला दिसला तो पाठमोरा रिक्षावाला, मंडळाचा अँप्लिफायर घेऊन उलट्या दिशेला निघालेला. ती जिवाच्या आकांताने ओरडली, "चोर! चोर! आपला अँप्लिफायर घेऊन पळून राहिला! धरा त्याले!"

मी तिच्या शेजारी उभी होते. म्हणून तो आवाज तिचा हे मला माहीत. बाकीच्यांना त्या गोंगाटात कोणी बाई ओरडली एवढंच कळलं. आमच्या मंडळाचे सतरा जण धावले. रिंगण झालं. मारताना माणसाचं तोंड कोण बघतं? दीड-दोन मिनिटांत सगळं आटोपलं, आणि मग काळमेघ साहेब धापा टाकत आले. "अरे, अरे, मीच पाठवलं होतं त्याला!"

रिंगण विरलं. कोणीतरी टिकारामला दवाखान्यात नेलं. आणि मिरवणूक? मिरवणूक पुढे गेली हो! 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणत आम्ही तळ्यावर गेलो, खोबरं वाटलं, घरी आलो. आजही हे लिहिताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

टिकारामचा उजवा कोपर दोन जागी मोडला तो नीट बसलाच नाही. रिक्षाचं हँडल धरवेना. ते दुःख एक. दुसरं त्याहून मोठं, ते असं की बोरसीत लोक त्याला चोर म्हणू लागले. उगाच का एवढे लोक मारतील, असं त्यांचं म्हणणं. इतर रिक्षावाले त्याला स्टँडवर उभं राहू देईनात. दवाखान्यातून ठाण्यात खबर गेली होती, तिथे कागदावर लिहिलं गेलं, 'मारनेवाले अज्ञात'. आणि काळमेघ साहेब मंडळाचं नाव खराब होऊ नये म्हणून गप्प. टिकाराम सगळ्यांना एवढंच म्हणायचा की माझी चोरी नव्हती, हे कोणीतरी कागदावर लिहून द्या.

इकडे सेक्टर दोनमध्ये ज्याला विचारावं तो म्हणायचा, "म्या एकच मारली." कोणी म्हणे पाठीत, कोणी म्हणे हळूच. माझा सख्खा दादा म्हणाला, "म्या तर हातबी नाई लावला व, फक्त रिक्षा धरून ठेवली." सतरा जणांनी एकेक हळूच मारली आणि एका माणसाचा कोपर दोन जागी मोडला, असा हा चमत्कार!

वहिनी दर रविवारी डबा घेऊन बोरसीला जायची. टिकाराम तिला दीदी म्हणायचा. मला ती सोबत चल म्हणायची, पण मी टाळायची. क्लासचा अभ्यास आहे म्हणून सांगायची.

एक दिवस मात्र तिने मला ओढतच ठाण्यात नेलं. तिथला नोंदी लिहिणारा मुंशी पान चघळत होता.

"बहनजी, मारा किसने? एक-एक का नाम बोलिए."

"सतरह लोग थे."

"ये तो गिनती हुई, नाम कहाँ हुआ? और हड्डी किसकी मार से टूटी?"

वहिनी म्हणाली, "जो घेरा बनाकर खड़े थे, उनका क्या?"

"खड़ा होना गुनाह नहीं."

"जिसने रिक्शा पकड़ के रखा?"

"वो भी नहीं."

वहिनी आवाज खाली आणून म्हणाली, "और किसी ने चिल्लाया हो तो?"

मुंशी हसला. "चिल्लाने पर अंदर करने लगूँ तो आधा सुपेला बाज़ार अंदर हो जाएगा. अगले गणपती के बाद इसमें खात्मा लगा देंगे."

खात्मा म्हणजे फाइल बंद. पुढच्या गणपतीपर्यंत नावं आली नाहीत तर टिकाराम कायमचा चोर. वहिनीला नावं ठाऊक होती, पण त्यात दादाचं नाव होतं, आणि आरोळी तिची स्वतःची होती. पोलीस केस झाली की प्लँट सस्पेंड करतो, एका घरातल्या दोन नोकऱ्या जायच्या. ती घाबरली. मी तिची बाजू घेते म्हणून हे झाकणार नाही. ती घाबरली आणि नावं न सांगता परत फिरली.

पण परतताना, रस्त्याच्या मधोमध, ती एकदम थांबली. मागचा सायकलवाला तिच्यावर आदळता आदळता राहिला.

"पमे, मले समजलं! थे लोक येकयेकाले येगळं पकडाले पायतात, म्हनून येकयेक जन सुटून जाते. मारनं गुन्हा आहे, पन झुंडीनं मारनं असा गुन्हाच नाई त्यायच्या पुस्तकात!"

"मग?"

"मग काय? आपन बनवू!"

मी म्हटलं, वहिनीला ऊन लागलं.

तिने खरंच कागद घेतला. दुर्गला शरच्चंद्र देशकर म्हणून वकील होते, तीन पिढ्या दुर्गात काढलेल्या घरातले. त्यांच्याकडे आम्ही गेलो. ते म्हणाले, "अहो, कायदा आहे की! कलम एकशे एकोणपन्नास. पाच माणसं बेकायदा जमली आणि एकाने काही केलं तरी सगळे दोषी."

"आहे तर चालत कावून नाई?"

"चालायला नावं लागतात, रत्नमालाबाई. कोणी कोणाचं नाव घेत नाही. आणि कोर्टात प्रत्येक जण म्हणतो, मी नुसता बघत होतो, मी तर सोडवायला गेलो होतो."

"मंग असं कलम लिवा का नुसतं रिंगणात उभं राहनंच गुन्हा होईन!"

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि चहा सांगितला. वकिलाने स्वतःहून चहा सांगितला म्हणजे प्रकरण गंभीर आहे असं मी समजले. त्या दिवसापासून तो साठीचा माणूस पोरासारखा नादाला लागला. सहा रविवार मसुदा चालला. पाच किंवा जास्त माणसांनी एकाला घेरून मारलं तर तो 'झुंड-मारहाण' नावाचा स्वतंत्र गुन्हा. मारणारा, धरणारा, रिंगण करणारा, आरोळी देणारा, सगळ्यांना तोच गुन्हा. कोणाच्या फटक्याने हाड मोडलं हे सिद्ध करायची गरज नाही. आपणहून नाव देईल त्याला निम्मी शिक्षा. आरोळी काढून टाका, कोर्टात टिकणार नाही, असं वकील परोपरीने सांगत होते. वहिनी ऐकेना. का ऐकेना हे त्यांना ठाऊक नव्हतं, मला होतं. मसुद्याची स्वच्छ प्रत मीच लिहिली, माझ्या वळणदार अक्षरात.

घरात मात्र महाभारत. दादाने 'धरणारा' हा शब्द वाचला आणि ताट सरकवलं.

"हे माह्यासाठीच लिवलं काय?"

"तुमच्यासाठी नाई. रिक्षा धरनाऱ्यासाठी."

"आता घरातूनच मले जेलात धाडून राहिली का तू?"

"एकटे नाई जात तुमी," वहिनी म्हणाली. पुढचे चार दिवस दोघं माझ्यामार्फत बोलत होते. 'प्रेमला, विचार तिले चहा आहे का', 'पमे, सांग त्यायले, आहे'. त्या चार दिवसांत माझा घसा बसला.

आता कायदा लिहिला, पण मांडायचा कुठे? तर आमच्या मंडळात गणपतीच्या सातव्या दिवशी अभिरूप विधानसभा होत असे. लुटूपुटूची. टेबल, घंटा, अध्यक्ष, मंत्री, विरोधी पक्ष, सगळं यथासांग, आणि विधेयकं अशी की सासऱ्यांनी रेडिओ हळू लावावा, रविवारी पोह्यांवर बंदी घालावी. लोक पोट धरून हसायचे. आमची माणसं प्लँटची, त्यामुळे विनोदसुद्धा फाइलला लावायची. सभेची कार्यवाही शब्दशः लिहायची, टाइप करायची, चार प्रती काढायच्या. त्या वर्षी ते काम माझ्याकडे आलं होतं. अध्यक्ष अर्थातच काळमेघ साहेब.

वहिनीने गृहमंत्रिपद मागितलं. बाईमाणूस गृहमंत्री, म्हणजे आणखी गंमत, असा विचार करून साहेबांनी देऊन टाकलं. विधेयकाचा कागद दोन दिवस आधी द्यायचा नियम होता. 'झुंड-मारहाण प्रतिबंधक विधेयक' हे नाव वाचून ते खो-खो हसले. दुधाच्या केंद्रावर बायका भांडतात त्याच्यावर काहीतरी असेल, असं त्यांना वाटलं. आतलं वाचायची तसदी त्यांनी घेतली नाही. घेतली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

ब्याऐंशीचा सातवा दिवस. संध्याकाळचे सहा. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत ठाण्याचे टी. आय. साहेब, म्हणजे तिथले मुख्य अधिकारी. बंदोबस्त नीट राहावा म्हणून दरवर्षी त्यांना बोलावून शाल-नारळ द्यायची आमच्याकडे रीत. शेजारी देशकर वकील. टिकारामला बोलावण्याचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही, हेही सांगायला हवं.

वहिनी उभी राहिली. मी पेन्सिल सरसावली. तिने कलमं वाचायला सुरुवात केली तेव्हा लोक सवयीने हसले. दुसऱ्या कलमाला हसू कमी झालं. तिसऱ्याला फक्त पंख्याचा आवाज राहिला. काळमेघ साहेबांचा हात घंटेवर होता आणि ती वाजवावी की नाही हे त्यांना कळत नव्हतं.

विरोधी पक्षनेता होता विजयकुमार. चोवीस-पंचवीसचा, ड्रॉइंग ऑफिसात कामाला, वक्तृत्वाच्या ढाली मिळवलेला आणि डोक्याने तापट. वाद हरणं त्याला माहीत नव्हतं. तो ताडकन उठला.

"अध्यक्ष महाराज! गृहमंत्री म्हणतात, सगळ्यांना सारखाच गुन्हा. हा न्याय झाला का? दोन मारणारा आणि दहा मारणारा सारखाच? मागच्या वर्षीचंच उदाहरण घ्या ना! मी दोन मारल्या, मान्य! पण काठी माझी होती काय? काठी ज्यानं घातली त्याले धरा! थे मागच्या रांगेत बसले आहेत ना चौघं, त्यायचा तर हातबी पुरत नोयता, नुसते ढकलून राहिले होते! त्यायले बी तोच गुन्हा? सांगा!"

आणि त्याने बोट दाखवलं. मागच्या रांगेतले चौघं एकदम खाली वाकले, जणू चारही जणांच्या चपलांचे अंगठे एकाच वेळी तुटले होते. विजयकुमारचं बोट हवेतच राहिलं आणि चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. मुद्दा जिंकायच्या नादात गडी सगळं ओकून बसला होता!

घंटा घणघण वाजली. "हे भाषण कार्यवाहीतून वगळण्यात येत आहे!" काळमेघ साहेब ओरडले. "प्रेमला, खोड ते! आधी खोड!"

काय अंगात आलं माझ्या कोण जाणे. मी उभी राहिले. "अध्यक्ष महाराज, मी लघुलिपीत लिहिलंय. खोडायचं अजून शिकवलं नाही आम्हाला."

मागून कोणीतरी टाळी वाजवली. देशकर वकील उठले. "अध्यक्ष महाराज, कागदावरून वगळाल हो, पण या तीनशे लोकांच्या कानांतून कसं वगळाल?"

टी. आय. साहेबांनी वकिलांचा कोट ओढला. "वकील साहब, ये नाटक चल रहा है कि बयान?"

"आधा-आधा, साहब," वकील म्हणाले.

मग वहिनी बोलली. मंत्र्यांची भाषा सोडली आणि आमच्या घरची धरली.

"मी हजेरी लिवते. बारा सालं झाली. माह्या रजिस्टरात कोनं किती लोखंड उचललं थे नाई लिवत. आत होता का नोयता, बस. आत होता तं त्या पाळीचं सारं काम त्याचं. रेल मिलमंदी सतरा जन मिळून रेल उचलतात, तवा कोनी इचारते काय, का कोनाच्या हातानं उचलली? साऱ्यायनं उचलली! मंग टिकारामच्या टायमाले कावून इचारता? साऱ्यायनं मारलं त्याले!"

तिने पाणी प्यायलं.

"विजयभाऊ बोलले, बरं केलं. आता मी बोलते. त्या दिवशी चोर म्हनून वरडली थे मी. माह्या तोंडानं झालं हे. आरोळीवालं कलम म्या माह्यासाठी लिवलं."

बायकांमध्ये एकच कालवा झाला. दादा मंडपाच्या खांबाला धरून उभा होता, त्याने डोळे मिटले. वहिनी काळमेघ साहेबांकडे वळली. "अन् अध्यक्ष महाराज, अँप्लिफायर कोनं पाठवला होता, थे येकडाव सभागृहाले सांगता काय?"

साहेबांनी टाय सैल केला. तीनशे माणसं त्यांच्याकडे बघत होती, आणि टी. आय. साहेबही बघत होते. "मी," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, "मीच पाठवला होता. त्याने चोरी केली नव्हती."

"मत घ्या," वहिनी म्हणाली.

आमच्या त्या विधानसभेत होकाराला 'हाव' म्हणायची पद्धत होती. पहिला 'हाव' देशकर वकिलांचा, दुसरा कोणा म्हातारीचा, आणि मग असा 'हाव' उठला की पलीकडच्या रस्त्यावरचे लोक धावत बघायला आले. मी लिहिलं: विधेयक मंजूर. पेन्सिलीचं टोक मोडलं तरी दाबून लिहिलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नाही, हे यांना सांगू नका.

वहिनीने माइक हातात घेतला आणि रोजची सूचना द्यावी तसं सांगितलं, "उद्या सकाळी नऊ वाजता, ठान्यात. जे जे रिंगणात होते त्यायनं हजेरी लावाव."

पुढचं आधीच सांगून टाकते. विधेयकाची प्रत वकिलांनी भोपाळला पाठवली, पत्र मिळाल्याची पोच आली आणि त्यापुढे काही नाही. केस दुर्गच्या कोर्टात पाच वर्षं रखडली, कोणाला शिक्षा झाली, कोणी सुटलं. वहिनी आठ महिने सस्पेंड होती, दादा सहा. टिकारामला मात्र बोरसीत परत कोणी चोर म्हटलं नाही. काळमेघ साहेबांनी सही करून दिलेला कागद त्याने काचेच्या चौकटीत लावला होता. पण मला सांगायची आहे ती दुसऱ्या दिवशीच्या सकाळची गोष्ट.

नऊला दहा कमी होते. ठाण्याच्या व्हरांड्यात वहिनी, मी आणि वकील. दुसरं कोणी नाही. वहिनीचं सगळं लक्ष फाटकाकडे. नऊ वाजले. सव्वानऊला रात्रपाळी करून दादा थेट आला, अंगावर कामाचेच कपडे. वहिनीकडे न बघता म्हणाला, "प्रेमला, सांग तिले, आलो." मग विजयकुमार. मग मागच्या रांगेतल्या चौघांपैकी तिघं, एकमेकांना ढकलत. प्रत्येक जण फाटकातून आत आला की मला उडी मारावीशी वाटे. मी बोटं मोजत होते. साडेनऊपर्यंत सतरापैकी अकरा आले! काठीवालासुद्धा आला, आणि तो सगळ्यांत आधी रडला. सहा जण आले नाहीत. त्यांची नावं या अकरांनीच दिली.

टी. आय. साहेब म्हणाले, "मॅडम, आपका कानून मेरी किताब में नहीं है. पर नाम आ गए, अब एक सौ उनचास चल जाएगा." मुंशीचं अक्षर लागत नाही म्हणून हजर झालेल्यांची यादी लिहायला त्यांनी मला बसवलं. पहिलं नाव वहिनीचं लिहिलं, दुसरं दादाचं. नणंदेच्या हातून भावजयीचं नाव आरोपींच्या यादीत जावं! पण खरं सांगते, मला तेव्हा अभिमानच वाटत होता. कालपासून मी हवेत होते. सभेत मी साहेबांना उत्तर दिलं, कार्यवाही मी वाचवली, आता यादीही माझ्याच हाताने होत होती.

टिकारामला बोलावून आणलं होतं. तो स्टुलावर बसला, उजवा हात मांडीवर ठेवून. साहेबांनी विचारलं, "इनमें से किसी को पहचानते हो?"

"दू झन ला चिन्हत हंव, साहेब. ओही दिन ले."

दोघांना ओळखतो, आणि त्या दिवसापासूनच ओळखतो. वहिनीने चटकन मान वर केली.

"ए दीदी ला. चिल्लाइस, त मैं मुड़ के देखेंव." ती ओरडली तेव्हा त्याने वळून पाहिलं होतं.

"तुमको मालूम था?" वहिनीचा तो खणखणीत आवाज पार बसला होता. "साल भर मेरे हाथ का खाया. बोले क्यों नहीं?"

टिकाराम तिला समजूत घातल्यासारखा म्हणाला, "एके झन के नाव लेतेंव दीदी, त सब्बो के मार तोरेच ऊपर पर जातिस."

एकटीचं नाव घेतलं असतं, तर सगळ्यांचा मार तिच्या एकटीवर पडला असता. सहा रविवार मी आणि वकील आणि वहिनी मिळून जे कागदावर उतरवत होतो, ते या माणसाला आधीच ठाऊक होतं. वहिनी खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. वर्षभरात पहिल्यांदा. दादा तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"और दूसरा कौन?" साहेबांनी विचारलं.

मी पेन टेकवून तयार होते. टिकारामने त्या अकरा जणांकडे पाहिलं नाही. तो माझ्याकडे बघत होता.

"ए नोनी. दीदी के बाजू म ठाढ़े रहिस. हाँसत रहिस."

ही पोरगी, दीदीच्या शेजारी उभी होती, हसत होती. हो, मी हसत होते. टिकारामला रिक्षावरून खाली ओढलं तेव्हा त्याची एक चप्पल उडून ढोलावर पडली, आणि मला त्याची गंमत वाटली. हे मी वहिनीला सांगितलं नाही, दादाला सांगितलं नाही, आणि आत्तापर्यंत तुम्हालाही सांगितलं नव्हतं. बोरसीला जायचं मी टाळत होते ते अभ्यासासाठी नव्हे. आमच्या विधेयकात मारणारा होता, धरणारा होता, रिंगण करणारा आणि आरोळी देणारा होता. हसणाऱ्याचं कलम नव्हतं, आणि स्वच्छ प्रत लिहिताना ते सुचवलं नाही ती मीच.

टी. आय. साहेब म्हणाले, "हँसना कोई गुनाह नहीं है. आप आगे लिखिए."

वहिनीने डोळे पुसले. ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्यासमोर बारा नावं झाली होती. मी तेरावा आकडा घातला आणि त्याच्यापुढे माझं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. टिकारामकडे बघायला मात्र मला बराच वेळ लागला.